नासाचं आरसेट प्रशिक्षण: फुकट, पक्कं, पण गृहपाठ आपल्या तालुक्यावरच करा

उपग्रहाच्या प्रतिमा वाचायला शिकवणारे ऑनलाइन वर्ग आता पैशाला पासरी झाले आहेत. त्यातल्या बऱ्याच वर्गांत सॉफ्टवेअरमधली कोणती बटणं दाबायची ते शिकवतात, नकाशा रंगीत करून देतात आणि प्रमाणपत्र हातात ठेवतात. नकाशा खरा की खोटा, हे कसं ओळखायचं ते मात्र राहून जातं. नासाचा आरसेट, म्हणजे अप्लाइड रिमोट सेन्सिंग ट्रेनिंग, हा उपक्रम नेमका इथे वेगळा पडतो. २००९ पासून तो चालू आहे, फी नाही, आणि जगात कुठूनही नाव नोंदवता येतं. पाणी, शेती-जंगल, हवेची गुणवत्ता, आपत्ती आणि हवामान असे त्याचे विषय आहेत. पाटबंधारे, वन, कृषी, महसूल या खात्यांत काम करणारे, पर्यावरणाच्या संस्थांतले कार्यकर्ते आणि भूगोल-कृषीचे पदव्युत्तर विद्यार्थी यांनी तो जरूर करावा असं आमचं मत आहे. एकच अट. त्यातलं प्रात्यक्षिक जसंच्या तसं करून थांबू नका. त्याच आठवड्यात आपल्या तालुक्याची प्रतिमा घेऊन परत करा. जिथे चुका होतात त्या जागा तेव्हाच कळतात.

आधी स्वरूप बघू. एक प्रशिक्षण बहुधा दोन ते चार भागांचं असतं आणि एकेक भाग दीड ते दोन तासांचा. प्रत्यक्ष वेबिनार होतो, नंतर ध्वनिचित्रफीत, स्लाइड आणि प्रश्नोत्तरांचा दस्तऐवज संकेतस्थळावर ठेवला जातो. प्रमाणपत्र हवं असेल तर सगळ्या थेट सत्रांना हजर राहावं लागतं आणि गृहपाठ मुदतीत भरावा लागतो. मागाहून चित्रफीत बघणाऱ्याला ज्ञान मिळतं, थेट सत्रांचं प्रमाणपत्र मिळत नाही. वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची दिलेली असते आणि तिथे वर्षातून दोनदा घड्याळ बदलतं. तिथलं सकाळी १० चं सत्र उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला लागतं आणि हिवाळ्यात साडेआठला. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये चालणाऱ्या मालिकेत पहिला भाग एका वेळेला आणि दुसरा तासाने पुढे-मागे असं होऊ शकतं. हजेरी त्यामुळेच हुकते. नोंदणीच्या ईमेलमधली वेळ प्रत्येक भागासाठी वेगळी तपासा.

सुरुवात ‘फंडामेंटल्स’ या स्वतःच्या गतीने करायच्या भागापासूनच करा. पुष्कळ जण तो ओलांडून थेट पूर किंवा पीक यावर उडी मारतात आणि तिसऱ्या स्लाइडला अडकतात. अवकाशीय विभेदन, म्हणजे प्रतिमेच्या एका ठिपक्यात (पिक्सेलमध्ये) किती जमीन मावते, हे तिथे नीट सांगितलंय. मराठी माणसासाठी ते आणखी सोपं करता येतं. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या लाल, हिरव्या, निळ्या आणि (डोळ्यांना न दिसणाऱ्या) जवळच्या अवरक्त बँडचा, म्हणजे प्रकाशपट्ट्याचा, एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटरचा असतो, म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा १०१ चौरस मीटरचा. थोडक्यात एक पिक्सेल म्हणजे एक गुंठा. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचा ३० मीटरचा पिक्सेल जवळपास नऊ गुंठ्यांचा. नासाच्या उपग्रहांवरच्या मोडिस या उपकरणाचा २५० मीटरचा पिक्सेल सव्वासहा हेक्टरचा, म्हणजे पंधरा एकरांच्या वर.

हे गुंठ्याचं गणित डोक्यात बसलं की कितीतरी चुकीचे प्रश्न आपोआप गळतात. अर्ध्या एकराचं चौकोनी शेत घ्या. बाजू साधारण ४५ मीटर. त्यात वीस पिक्सेल मावतात खरे, पण कडेच्या पिक्सेलमध्ये बांध, बांधावरची बाभूळ, शेजाऱ्याची तूर हे सगळं मिसळलेलं असतं. निव्वळ त्या शेताचे पिक्सेल उरतात जेमतेम नऊ. म्हणून शेताच्या हद्दीपासून आत एक पिक्सेल सोडून सरासरी काढायची. तेच शेत मोडिसवर शोधणं व्यर्थ आहे. आणि लांबट, पंधरा मीटर रुंदीच्या पट्ट्या असतील, जशा कोकणात सर्रास दिसतात, तर सेंटिनेल-२ सुद्धा पुरत नाही.

आता एनडीव्हीआय, म्हणजे झाडोरा किती हिरवा आणि दाट आहे ते सांगणारा आकडा. हा निर्देशांक सगळ्यांनाच येतो असं वाटतं, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. सूत्र साधं आहे: अवरक्त वजा लाल, भागिले अवरक्त अधिक लाल. पण सेंटिनेल-२ च्या फाइलमध्ये परावर्तन (जमिनीवरून परतलेल्या प्रकाशाचं प्रमाण) थेट लिहिलेलं नसतं, एक पूर्णांक असतो. त्याला १०,००० ने भागायचं. २५ जानेवारी २०२२ पासून प्रक्रियेची नवी आवृत्ती आली आणि त्या पूर्णांकात १,००० मिळवले जाऊ लागले. ते आधी वजा करावे लागतात. न केल्यास काय होतं ते आकड्यांत पाहा. दाट पिकाचं लाल परावर्तन ०.०४ आणि अवरक्त ०.३६ असेल तर एनडीव्हीआय ०.८० येतो. फाइलमध्ये हेच आकडे १,४०० आणि ४,६०० असे दिसतात. तसेच सूत्रात घातले तर उत्तर येतं ०.५३. म्हणजे २०२१ चा आणि २०२३ चा ऊस शेजारी ठेवला तर पीक एकतृतीयांशाने खालावलं असं दिसेल, प्रत्यक्षात शेतात काहीही झालेलं नसताना. गूगलच्या अर्थ इंजिन या ऑनलाइन प्रणालीत ‘हार्मोनाइज्ड’ असं नाव असलेला संच निवडला की ही दुरुस्ती केलेली मिळते. कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांनी ती हाताने करायची आहे. लँडसॅटच्या कलेक्शन-२ या संचातही असाच गुणक आणि असाच फरक आहे: ०.००००२७५ ने गुणायचं आणि ०.२ वजा करायचं.

ऋतूचा प्रश्न याहून मोठा आहे आणि त्याचं उत्तर परदेशी उदाहरणांत मिळणार नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत महाराष्ट्रावर ढग असतात. सेंटिनेल-२ पाच दिवसांनी येतो, पण खरिपाच्या ऐन वाढीच्या काळात महिनाभर एकही स्वच्छ प्रतिमा मिळत नाही असं सर्रास घडतं. ‘वीस टक्क्यांहून कमी ढग’ अशी चाळणी लावली की हाती शून्य प्रतिमा येतात, कारण ती टक्केवारी १०० किलोमीटरच्या संपूर्ण चौकोनाची असते. चाळणी ऐंशी टक्क्यांवर न्या आणि मग पिक्सेलपातळीवर ढग कापा. सेंटिनेल-२ च्या एससीएल या थरात प्रत्येक पिक्सेलचा प्रकार आकड्याने दिलेला असतो: ३ म्हणजे ढगाची सावली, ८ आणि ९ म्हणजे ढग, १० म्हणजे विरळ उंच ढग. हे चारही काढा. सावली विसरली तर काळसर जमिनीला संगणक पाणी समजतो. पानगळीची जंगलं हा आणखी एक सापळा. मेळघाट किंवा ताडोब्याची ऑक्टोबरची प्रतिमा एप्रिलच्या प्रतिमेशी ताडली तर अर्धं जंगल नाहीसं झालेलं दिसेल. सागाची पानं गळली आहेत, झाडं जागेवरच आहेत. वेगवेगळ्या वर्षांचा एकच पंधरवडा घ्या.

पुराच्या नकाशाचं प्रशिक्षण हे आमच्या मते आरसेटचं सगळ्यात दमदार अंग आहे, कारण तिथे रडार शिकवतात आणि ढगांतून आरपार बघणारं साधन आपल्याला हवंच आहे. सेंटिनेल-१ चा रडार साधारण साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडतो. शांत पाण्यावर आपटलेली लहर आरशासारखी पलीकडे निघून जाते, परत काही येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. स्नॅप या मोफत सॉफ्टवेअरमधला क्रम असा: ऑर्बिट फाइल (उपग्रहाच्या कक्षेची नोंद) लावायची, औष्णिक गोंगाट काढायचा, आपल्यापुरता भाग कापायचा, सिग्मा-नॉटपर्यंत (परतलेल्या लहरीच्या ताकदीच्या प्रमाणित मापापर्यंत) कॅलिब्रेशन करायचं, ५ बाय ५ किंवा ७ बाय ७ खिडकीने स्पेकल (रडारच्या प्रतिमेतला ठिपक्यांचा गोंगाट) गाळायचा, भूरूप दुरुस्ती करायची (चढ-उतारांमुळे आलेला वाकडेपणा काढून प्रतिमा नकाशावर बसवायची) आणि शेवटी आकडे डेसिबलमध्ये आणायचे. भाग कापायला विसरू नका. एकेक दृश्य जवळपास एक जीबीचं असतं आणि आठ जीबी रॅमचा लॅपटॉप भूरूप दुरुस्तीपाशी मान टाकतो.

ताज्या पुराच्या प्रतिमेवर पहिल्याच पायरीला ऑर्बिट फाइल सापडत नाही अशी चूक येते. अचूक कक्षेची फाइल यायला सुमारे वीस दिवस लागतात. तोवर तात्पुरत्या कक्षेचा पर्याय निवडायचा. भूरूप दुरुस्तीआधी प्रतिमा उलटी किंवा आरशातल्यासारखी दिसते, ते बरोबरच आहे, घाबरायचं कारण नाही. मग उंबरठा, म्हणजे ज्याच्या खाली पाणी धरायचं तो आकडा, ठरवायचा. डेसिबलच्या आलेखात दोन उंचवटे दिसतात, डावा पाण्याचा आणि उजवा जमिनीचा. मधल्या खळगीत रेघ मारायची. पूर्ण दृश्यात पाणी दोन टक्केही नसेल तर डावा उंचवटा दिसतच नाही. अशा वेळी नदीच्या दोन्ही बाजूंचे चार-पाच किलोमीटर तेवढे कापून घेऊन पुन्हा आलेख काढा. पुस्तकातून उचललेला उणे १५ डेसिबलचा आकडा आंधळेपणाने वापरू नका.

इथपर्यंत वर्ग शिकवतो. यापुढचं आपलं आपण शिकायचं. भंडारा-गोंदियाकडे जुलैत धानाची रोवणी चालू असते, बांध्यांत पाणी भरलेलं असतं, आणि रडारला ते पुरासारखंच काळं दिसतं. पुराआधीची तुलना-प्रतिमा मे महिन्यातली घेतली तर सगळी धानशेती पुराखाली गेल्याचा नकाशा तयार होतो. तुलना-प्रतिमा मागच्या वर्षीच्या त्याच पंधरवड्यातली, पूर नसलेली घ्यायची. कृष्णा-पंचगंगेच्या काठी उलटं होतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात पाण्यात उभा होता तो ऊस. उंच, दाट उसात साडेपाच सेंटिमीटरची लहर वरच्या पानांतच अडकते, खालचं पाणी तिला दिसत नाही, आणि बुडालेलं क्षेत्र नकाशावर प्रत्यक्षाहून कमी येतं. गावठाणात भिंती आणि पाणी मिळून लहर दोनदा परावर्तित होते, त्यामुळे पूर आलेली गल्ली उलट जास्त उजळ दिसते. घाटाच्या उतारांवर रडारची सावली पडते, तीही पाण्यासारखी काळी. पाच अंशांहून जास्त उताराचे पिक्सेल सरळ वगळा. आणि दोन्ही प्रतिमा एकाच कक्षेच्या हव्यात. एक चढत्या (दक्षिणेकडून उत्तरेला जाणाऱ्या), एक उतरत्या कक्षेची घेतली तर डोंगर कूस बदलतात आणि बदलाचा नकाशा निरर्थक होतो. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या निसार या नासा-इस्रोच्या रडार उपग्रहात सुमारे चोवीस सेंटिमीटरची एल बँड लहर आहे. ती पानांत शिरून आत जाते, म्हणून उसाच्या पट्ट्यासाठी तिच्याकडून खरी आशा आहे. निसारवरची प्रशिक्षणं यादीत दिसली की सोडू नका.

पावसाच्या प्रशिक्षणात जीपीएम या पाऊस मोजणाऱ्या उपग्रह मोहिमेचा आयमर्ग हा आकड्यांचा संच वापरतात. ०.१ अंशाचा चौकोन, अर्ध्या तासाची नोंद. आपल्या अक्षांशावर हा चौकोन एकशे पंधरा चौरस किलोमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे एका महसूल मंडळाशी तुलना करता येईल असा. मोह होतो की मंडळात अतिवृष्टी झाली की नाही, २४ तासांत ६५ मिलिमीटर ओलांडले की नाही, हे उपग्रहावरून ठरवावं. दोन गोष्टी आडव्या येतात. आयमर्गचा दिवस जागतिक वेळेने मोजला जातो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपासून. आपल्याकडे पर्जन्यमापक वाचतात सकाळी साडेआठला. तयार ‘दैनिक’ फाइल घेतली की रात्रीची एकच सर दोन्हीकडे वेगवेगळ्या तारखांना विभागली जाते आणि आकडे जुळत नाहीत. अर्ध्या तासाच्या नोंदी घेऊन जागतिक वेळेच्या पहाटे ३ ते दुसऱ्या दिवशी ३ अशी बेरीज करा. दुसरं, सह्याद्रीच्या माथ्यावर डोंगरामुळे पडणारा पाऊस उपग्रह कमी मोजतो. तिथले ढग फार उंच आणि थंड नसतानाही मुसळधार कोसळतात, आणि वरून बघणाऱ्या उपकरणाला त्याचा अंदाज लागत नाही. घाटमाथ्यासाठी जमिनीवरचं मापक हवंच. घाईच्या कामाला चार तासांत येणारी ‘अर्ली’ आवृत्ती आहे. अहवालासाठी काही महिन्यांनी येणारी ‘फायनल’ घ्या, तिच्यात जमिनीवरच्या मापकांची दुरुस्ती केलेली असते.

शहरातल्या उष्णतेचा भाग चांगला आहे, थोडक्यात सांगतो. लँडसॅटच्या तापमान थरातल्या पूर्णांकाला ०.००३४१८०२ ने गुणून १४९ मिळवले की केल्विन मिळतात. ४७,००० आला तर ३०९.६ केल्विन, म्हणजे साडेछत्तीस अंश सेल्सिअस. पण हे डांबराचं, पत्र्याचं, मातीचं तापमान आहे, हवेचं नाही, आणि तेही सकाळी दहा ते अकराच्या दरम्यानचं. वर्तमानपत्रातल्या दुपारच्या कमाल तापमानाशी ते ताडू नका. एप्रिलमध्ये नांगरलेलं उघडं रान शहराहून तापलेलं दिसतं, तेव्हा नकाशा चुकला असं समजू नका.

अर्थ इंजिनवरची प्रात्यक्षिकं करताना तीन ठिकाणी हमखास अडतं. नोंदणीसाठी गूगल क्लाउडचा प्रकल्प उघडावा लागतो, ते सत्राच्या दिवशी करायला घेतलं तर सत्र निघून जातं. तालुक्याच्या हद्दीची शेपफाइल चढवताना नुसती एसएचपी फाइल पुरत नाही. डीबीएफ, एसएचएक्स आणि पीआरजे सगळ्या एकत्र झिप करून द्यायच्या. पीआरजे नसेल तर तुमचा तालुका समुद्रात जाऊन पडतो. आणि सरासरी काढताना स्केल, म्हणजे पिक्सेल किती मीटरचा धरायचा ते, लिहायलाच हवं. अनेक प्रतिमांचा मध्यक काढून एक प्रतिमा केली की तिचं मूळ विभेदन हरवतं आणि प्रणाली एक अंशाचा पिक्सेल धरते. एक अंश म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर. चूक दाखवली जात नाही, उत्तर मुकाट्याने येतं, आणि ते चुकीचं असतं. सेंटिनेल-२ साठी स्केल १० लिहा. क्यूजीआयएसमध्ये क्षेत्रफळ काढणाऱ्यांसाठी आणखी एक: ७८ रेखांशावर यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाचा पट्टा बदलतो. पुणे, छत्रपती संभाजीनगर, अमरावती शहर ४३ मध्ये. वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४४ मध्ये. संपूर्ण विदर्भ एका पट्ट्यात कोंबू नका.

उणिवा आहेत. सत्राची गती जास्त आहे. पाऊण तास सिद्धांत आणि उरलेल्या वेळात प्रात्यक्षिक असं झालं की नवख्याची दमछाक होते. इंग्रजी सफाईने समजावी लागते. भाषेची अडचण असेल तर आधी स्लाइड वाचून मग चित्रफीत उपशीर्षकं लावून बघावी. सगळ्यात मोठी उणीव ही की जमिनीवरची पडताळणी दूरस्थ वर्गात शिकवणं अवघड आहे आणि ती बाजू कच्ची राहते. वर्गीकरणासाठी (कुठे पीक, कुठे जंगल, कुठे पाणी हे ठरवण्यासाठी) ज्या बिंदूंवर संगणकाला शिकवलं त्याच बिंदूंवर अचूकता मोजली तर ९५ टक्के येणारच. तपासणीचे बिंदू वेगळे, यादृच्छिक आणि प्रत्यक्ष जाऊन पाहिलेले हवेत, नकाशातल्या प्रत्येक प्रकाराला निदान पन्नास. सिंधुदुर्गात काजूची बाग आणि शेजारचं सदाहरित जंगल उपग्रहाला सारखंच हिरवं दिसतं; तिथे पायी फिरल्याशिवाय नकाशावर सही करू नये.

देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेशी तुलना अपरिहार्य आहे. १९६६ साली सुरू झालेली ही इस्रोची संस्था २००७ पासून दूरस्थ वर्ग घेते, तेही विनामूल्य. तिथली मांडणी अभ्यासक्रमासारखी, पायाभूत आणि सलग. भारतीय वेळ, भारतीय उपग्रह, रिसोर्ससॅट उपग्रहावरच्या लिस-३ आणि लिस-४ या कॅमेऱ्यांची ओळख. पदवीच्या विद्यार्थ्याने आधी देहरादूनचा वर्ग करावा, नंतर आरसेट. नोकरीत असलेल्या आणि एकच नेमका प्रश्न हाती असलेल्याने थेट आरसेटचा त्या विषयाचा भाग धरावा. जुने जाणकार सहकारी सोबत असतील आणि विषय विदर्भातला असेल तर नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राचे नकाशेही सोबत ठेवावेत, पडताळणीला आधार मिळतो.

नाव नोंदवलंत की सत्राच्या चार दिवस आधी नासाचं अर्थडेटा खातं, कोपर्निकसचं खातं आणि अर्थ इंजिनचा प्रकल्प उघडून ठेवा, स्नॅप आणि क्यूजीआयएस बसवा, तालुक्याची हद्द झिप करून तयार ठेवा. ज्या भागाचं प्रात्यक्षिक करायचं त्याच्या दोन प्रतिमा आदल्या रात्रीच उतरवा. आणि सत्र संपल्यावर प्रश्नोत्तरांचा दस्तऐवज उघडायला चुकू नका. जगभरच्या पाटबंधारे, वन आणि आरोग्य खात्यांतल्या माणसांनी अडलं तिथे विचारलेले प्रश्न त्यात असतात, आणि तुमची अडचण बहुतेक वेळा कुणीतरी आधीच विचारून ठेवलेली असते.